निष्क्रिय चलनयंत्रे : व्यायाम की संवाहन?

पाठीवर निजावे, घोटे यंत्राच्या खोबणीत ठेवावेत, कळ दाबावी. मग पंधरा मिनिटे यंत्र पाय डावीकडे-उजवीकडे हलवीत राहते आणि ती हालचाल कमरेपर्यंत, मानेपर्यंत पोहोचते. या प्रकारच्या यंत्रांनी आता पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावीही प्रवेश केला आहे. त्यांच्याच जोडीला पोटऱ्या दाबणारी यंत्रे, थरथरणारे पाट, गरम रुळांचे पलंग आणि लाखाच्या पुढे किंमत असलेल्या मर्दनखुर्च्या आहेत. ‘‘वैद्यबुवा, घेऊ का?’’ हा प्रश्न चिकित्सालयात वारंवार येतो. औषधी दुकानदारांकडे तर विक्रेता स्वतःच येतो आणि प्रत्येक यंत्रामागे मिळणाऱ्या रकमेचा आकडा सांगतो. म्हणून या विषयाचा शास्त्रदृष्ट्या विचार करणे अगत्याचे वाटते.

प्रथम ही क्रिया कोणत्या वर्गात बसते ते ठरविले पाहिजे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन, संवाहन, चंक्रमण ही कर्मे एकत्र सांगितली. पण एकाचे गुण दुसऱ्यास लावले नाहीत. शरीरास आयास उत्पन्न करणारे कर्म तो व्यायाम. अग्निदीप्ती, लाघव, स्थिरत्व, मेदाचा ऱ्हास ही त्याची फळे. संवाहन म्हणजे दुसऱ्याने अंग हलके दाबणे, चोळणे. त्याची फळे प्रीती, निद्रा, श्रमनाश, कफवातशमन आणि त्वचा-रक्त-मांसाची प्रसन्नता. निष्क्रिय चलनयंत्रात दुसऱ्याच्या हाताची जागा विजेच्या मोटारीने घेतली आहे, एवढाच फरक. निजलेल्या माणसाचा स्वतःचा आयास त्यात मुळीच नाही. अर्धशक्तीपर्यंत व्यायाम करावा असे शास्त्र सांगते आणि श्वास मुखावाटे येऊ लागणे हे तिचे लक्षण देते. जेथे शक्ती खर्चच होत नाही तेथे अर्धी कोठून मोजावी?

विक्रेत्याचे म्हणणे नेमके याच्या उलट असते. यंत्रावरील पंधरा मिनिटे म्हणजे दीड तासाची चाल, असे सांगितले जाते. आधुनिक शरीरक्रियेच्या दृष्टीनेही हे टिकत नाही. झपझप चालताना शरीराचा प्राणवायूचा वापर विश्रांतीच्या तीन-साडेतीन पट होतो. तो होतो स्नायू स्वतः आकुंचन पावतात म्हणून. बाहेरून हलविलेल्या पायात ते आकुंचन जवळजवळ नसते, त्यामुळे हा वापर फारसा वाढत नाही. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर याला विशेष महत्त्व आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर आत घेऊ शकतो. नुसता हलविला गेलेला स्नायू हे कार्य करीत नाही. प्रमेहचिकित्सेत सुश्रुतांनी निर्धन रुग्णास शंभर योजने पायी चालावयास किंवा विहीर खणावयास सांगितले आहे. निजून अंग हलवून घेण्यास सांगितलेले नाही.

ही कल्पना नवीन आहे असेही नाही. स्वीडनच्या गुस्ताव झँडर यांनी १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे यांत्रिक व्यायामाची संस्था काढली. रुग्णाने स्वतः जोर लावावयाची यंत्रे आणि रुग्णास हलविणारी, वाफेच्या शक्तीवर चालणारी यंत्रे, असे वेगळे वर्ग त्यांनीच केले होते. हा भेद आजच्या जाहिरातींत पुसला गेला आहे. पुढे १९७० च्या दशकात टोरांटोचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखविले, की सांधा सतत हळूहळू हलता ठेवल्यास कूर्चा भरून येण्यास मदत होते. त्यावरून गुडघ्याच्या शस्त्रकर्मानंतर वापरावयाची यंत्रे रुग्णालयांत आली. परंतु कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात २४ चाचण्यांतील १४४५ रुग्णांचा विचार झाला, तेव्हा सांधेरोपणानंतर गुडघा वाकण्यात पडलेला फरक सरासरी अवघा दोन अंशांचा निघाला. रुग्णालयात, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, नेमक्या सांध्यावर वापरलेल्या यंत्राची ही कथा. मग घरच्या खोलीतील यंत्राकडून किती अपेक्षा ठेवावी याचा अंदाज करता येतो.

तथापि यंत्रास सर्वस्वी निरुपयोगी म्हणणे हाही अन्याय होईल. घोटे हलविणाऱ्या याच प्रकारच्या यंत्राचा अभ्यास दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात नील पिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लसीकावाहिन्यांच्या अवरोधामुळे सुजलेल्या पायांवर केला. काही आठवड्यांच्या वापराने सूज व जडपणा कमी झाल्याची नोंद त्यांनी केली. रुग्णगट लहान होता, हे लक्षात ठेवावे. पण संवाहन म्हणून पाहिल्यास हा परिणाम अनपेक्षित नाही. झोप लागणे, अंग हलके वाटणे, दिवसभराचा शीण उतरणे, हे रुग्ण सांगतात ते खोटे सांगत नाहीत. चूक होते ती या सुखाला मेदोहर, प्रमेहघ्न म्हणण्यात.

आपल्या भागाचा विचार वेगळा करावा लागतो. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. कोयता चालविताना तासन्‌तास वाकणे आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे, हा पंधरा-वीस हंगामांचा आयास. देश जांगल, आहार रूक्ष. परिणामी कटिग्रह, गृध्रसी, संधिगत वात हे आपल्याकडील रोजचे रुग्ण. या मंडळींना व्यायामाचा अभाव नाही, अतियोग झाला आहे. त्यांना खरोखर स्नेहन व संवाहनच हवे. पण नेमक्या याच घरांत दहा-पंधरा हजारांचे यंत्र म्हणजे हंगामाच्या उचलीतून काढलेली रक्कम असते. तेवढ्या पैशांत तिळाचे तेल किती वर्षे पुरेल याचा हिशेब मी रुग्णासमोर कागदावर मांडतो. घरातील कोणी रोज रात्री पाय चोळून दिले, तर यंत्राला न कळणारी गोष्टही हाताला कळते : कोठे दुखते, कोठे सूज आहे, कोठे त्वचा फाटली आहे.

दुसरा वर्ग पुण्या-मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचा. मुलगा प्रेमाने यंत्र पाठवितो. माझ्याकडील एक साठीच्या मधुमेही बाई रोज सकाळी गावाबाहेरपर्यंत चालत असत. यंत्र आल्यावर ‘‘आता चालणे घरीच होते’’ म्हणून त्यांनी फिरणे सोडले. तीन महिन्यांत साखर वाढली, आणि बधिर झालेल्या घोट्यावर खोबणीच्या घर्षणाने झालेला व्रण त्यांना स्वतःला कळलाही नाही. तो सुनेने पाहिला. व्रण भरला, बाई पुन्हा चालू लागल्या. यंत्राची किंमत मोजताना चालणे सुटण्याची ही किंमत कोणी धरीत नाही.

वर्ज्यावर्ज्य थोडक्यात सांगतो. एकाच पोटरीत अचानक सूज व वेदना असेल तर सिरेत रक्त साकळल्याची शंका घ्यावी. तेथे पाय हलविणे जिवावर बेतू शकते. नवा अस्थिभंग, मणक्यांची अतिशय ठिसूळता, तीव्र गृध्रसी, गर्भावस्था, तापातील संधिशोथ, पायाची संवेदना गेलेला मधुमेही, यांना यंत्र देऊ नये. अजीर्णात व कफग्रस्तात अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. त्याच न्यायाने आमवाताच्या साम अवस्थेत हे संवाहनही टाळावे. जेवणानंतर लगेच तर कोणीच वापरू नये.

मग कोणी घ्यावे? पक्षाघातानंतर अंथरुणास खिळलेला, हालचाल न करू शकणारा रुग्ण घरी असेल, चोळणारे माणूस नसेल आणि पैशाची ओढ नसेल, तर तपासणी करून जरूर घ्यावे. वृद्धास झोपेसाठी, पायांच्या जडपणासाठी हवे असेल तरीही हरकत नाही. मात्र आधी पंधरा दिवस कोणाचे तरी मागून वापरावे. अशी कितीतरी यंत्रे खाटेखाली धूळ खात पडलेली असतात, ती सहज मिळतात.

औषधी दुकानदार बंधूंना एक सांगणे आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ‘औषध’ या शब्दाची व्याख्या व्यापक असून शरीरक्रियेवर परिणाम करण्यासाठी असलेली वस्तूही तीत येते. मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात बरा होतो असे पत्रक दुकानाच्या काचेवर लावणे हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, मग ते पत्रक कंपनीने छापलेले का असेना. साखळी पद्धतीने सभासद जोडून विकली जाणारी यंत्रे असतील तर २०२१ चे थेट विक्रीविषयक नियमही पाहावेत. पिरॅमिड योजनेस त्यांत मनाई आहे. आणि यंत्र ठेवावयाचेच असेल, तर त्याशेजारी ‘श्रमपरिहारासाठी, चालण्याऐवजी नव्हे’ एवढी पाटी मराठीत, मोठ्या अक्षरात लावावी. विक्रेता ती पाटी लावू देत नसेल, तर माल परत पाठवावा.