टोपलीतला वाटा : स्वातंत्र्यदिनाची उपकारस्तुती

शास्त्रपाठ : अनुवाद २६:१-११, लूक १७:११-१९



१५ ऑगस्टला बेडसे परिसरात भाताची लावणी आटोपलेली असते. खाचरे हिरवीगार दिसतात, पण नवे भात घरात यायला दिवाळी उजाडते. शाळेत झेंडावंदन होते, मुलांना खाऊ मिळतो. आपणही मंडळीत देशासाठी प्रार्थना करतो, स्वातंत्र्यासाठी देवाचे आभार मानतो. हे योग्यच आहे. पण आभार कसे मानावेत, याविषयी पवित्र शास्त्र काय शिकवते?

अनुवादाच्या २६व्या अध्यायात इस्राएली शेतकरी पहिले पीक टोपलीत घालून याजकाकडे नेतो. तेथे तो तीन गोष्टी करतो.

पहिली, आठवण. आपला पूर्वज भटका होता, मिसरात आपल्याला दास म्हणून राबवले गेले, हे तो उघडपणे सांगतो.

दुसरी, कबुली. ही भूमी मनगटाच्या जोरावर मिळाली नाही, देवाने दिली.

तिसरी, वाटा. त्या आनंदात लेवी आणि उपरी यांनाही सामील करून घ्यायचे असते. हे ११वे वचन गाळले, तर उपकारस्तुती अपुरी राहते.

मावळातला कातकरी उपरी नाही, तरी आपल्याच भूमीत तो उपऱ्यासारखा जगतो. खैरापासून कात काढणे हा त्याचा जुना धंदा. त्यावरूनच जमातीला नाव मिळाले. जंगलावर निर्बंध आले आणि धंदा गेला. आज शासनदरबारी कातकरी ही आदिम जमात आहे. अनेक कुटुंबे पावसाळ्यात वाडीवर असतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात हाताला काम नसते, म्हणून भट्टीमालकाकडून उचल घेतली जाते. मग ती फिटेपर्यंत सारे घर राबते. मुलांची शाळा मध्येच सुटते. १५ ऑगस्टला झेंड्यापुढे उभी असलेली यांतली कितीतरी मुले २६ जानेवारीला गावात नसतात.

उचलीपायी माणसाला बांधून ठेवणे हा १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. पण उचलीचा हिशेब तपासायला लिहिता-वाचता यावे लागते.

बेडसे लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षे ती टिकली. छिन्नी चालवणाऱ्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. आपल्या घरांच्या आणि प्रार्थनामंदिरांच्या विटांचेही तसेच आहे. त्या कोणी थापल्या, हे आपण कधी विचारले आहे का?

दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले. एकच मागे फिरला, आणि तो शोमरोनी होता. उरलेले नऊ वाईट होते असे लूक म्हणत नाही. ते फक्त पुढे निघून गेले. आपणही मुक्त झालो आणि पुढे निघून गेलो, असे तर झाले नाही ना? मागे फिरणे म्हणजे प्रभूच्या पायांशी येणे, आणि वाटेत मागे राहिलेल्या भावाबहिणीला पाहणे. त्यांना दिलेला वाटा ही मेहेरबानी नव्हे. तो टोपलीतला त्यांचाच भाग आहे.

मननासाठी :
१. माझ्या घराण्याला कोणत्या दास्यातून देवाने सोडवले?
२. माझ्या सुखामागे कोणाचे न दिसणारे कष्ट आहेत?
३. या दिवाळीनंतर एखादे मूल भट्टीवर न जाता शाळेत राहावे, म्हणून आमची मंडळी काय करील?

प्रार्थना : हे प्रभू, तू दिलेल्या स्वातंत्र्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. ते एकट्याने भोगण्यापासून आम्हाला राख. आमेन.