उधाण चुकलं की पंधरवडा गेला

शिडाची होडी पावसाळ्यासाठी कधी बाहेर काढायची, असं नव्याने होडी घेतलेल्याने विचारलं की किनाऱ्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: १ जूनच्या आत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून ती तारीख सगळ्यांच्या तोंडी बसली आहे. माझं उत्तर वेगळं आहे. मे महिन्यात अमावस्या किंवा पौर्णिमा, जी आधी येईल ती मुदत धरा.

आमची छोटी फायबरची होडी हंगामात उरणजवळ करंजाच्या बाजूला असते आणि पावसाळ्यात पनवेलजवळ नेऱ्याला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. उतारावर ट्रेलर लावून ती वर घ्यायची तर उधाणाचंच पाणी लागतं. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या भरतीला, बूड चिखलात रुततं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते, म्हणजे काम उजेडात होतं. पण असे सोयीचे दिवस पंधरवड्यात तीन-चारच.

तो एक पंधरवडा किती महाग पडू शकतो ते बघा. २०२१ साली ११ मेला अमावस्या होती, २६ मेला पौर्णिमा. मधेच, १७ मेला, तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून गेलं. २०२५ साली १२ मेची पौर्णिमा हुकलेल्यांनी २७ मेच्या अमावस्येवर भिस्त ठेवली असेल, तर २६ मेलाच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. दुसरं उधाण हाताशी असावं, पण ते फक्त अडीअडचणीला.

आणि अडचणी येतातच. आमच्याकडे पहिली अडचण हळदीची! मे म्हणजे उरण-पनवेलच्या गावांत लग्नसराई; आदल्या रात्री हळदीला नाचलेली पोरं दुपारी बाराला धक्क्यावर येतील ही आशा करू नये. एका वर्षी डोलकाठी उतरवायला सांगितलेला हायड्रा क्रेनवाला आलाच नाही. आधी एका ट्रॉलरचं इंजिन उचलायचं होतं म्हणाला. बंदीच्या तोंडावर सगळा किनारा त्याच्याच मागे असतो, त्यामुळे त्याला दोष तरी काय देणार. तेव्हापासून आम्ही बोलणी एप्रिलमध्ये करतो, विसार देतो आणि उधाणाचा पहिला दिवस मागतो, मधला नाही. म्हणजे एक दिवस वाया गेला तरी पाणी शिल्लक असतं.

डोलकाठीच्या तारांचे टर्नबकल ही दुसरी गोम. जिथे स्टीलची पिन अ‍ॅल्युमिनियममध्ये बसते, तिथे खाऱ्या पाण्याने दोन्ही धातू एकमेकांना असे धरतात की पाना घसरतो, पिन हलत नाही. घाईत हातोडा मारला तर पिन राहते आणि फिटिंग फुटतं. वारा नसेल तेव्हा, एप्रिलमध्येच, एकेक टर्नबकल थोडा सैल करून, तेल देऊन पुन्हा घट्ट करावा. दोन एकदम सोडू नयेत.

मग रस्ता. उरण, जासई, गव्हाण फाटा, पनवेल, सुकापूर, आकुर्ली, नेरे. अंतराकडे बघून हे तासा-दीड तासाचं काम वाटतं. पण बंदराचे कंटेनर एकदा रांगेत अडकले की तुमची होडी त्यांच्यात उन्हात उभी. इथे नुसता वेळ जात नाही. बुडाला चिकटलेले शंख-शिंपले ओले असताना पत्र्याच्या खरडणीने निघतात. रात्रभर वाळले की सिमेंट होतात आणि ग्राइंडर लावावा लागतो. म्हणून खरडण्याचं काम घरी आणू नये, तिथेच उतारावर, पाणी निथळत असताना उरकावं. दोन माणसं जास्त घ्यावी लागली तरी चालेल.

नेऱ्यात पोचल्यावर माथेरानच्या डोंगरावरून वळीव येतो, तो बहुधा दुपारनंतर. शिडं गोड्या पाण्याने धुऊन सकाळीच पसरावीत आणि दुपारच्या आत गुंडाळावीत. कापडात मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढतं आणि ऑगस्टपर्यंत बुरशी धरते. शिडं सुकायला मोकळे दोन-तीन दिवस हिशेबात धरलेच पाहिजेत. पावसाने ते खाल्ले, तर ओली शिडं घडी न घालता शेडच्या वाशांवर टांगून ठेवावीत. इंजिन पिंपातल्या गोड्या पाण्यात चालवून घ्यावं, पेट्रोल काढून टाकावं. डोलकाठीची दोन्ही टोकं जाळीने बांधावीत, नाहीतर आत कुंभारमाश्या घरं करतात. होडीवर ताडपत्री टाकावी, पण अंगाला चिकटवून नव्हे. खालून वारा खेळला पाहिजे.

परत पाण्यात उतरवायची घाई आम्ही करत नाही. मासेमारी ऑगस्टमध्ये सुरू होते, पण शिडाचा वारा ऑक्टोबरात बरा. तेव्हाच्या उधाणासाठी ट्रेलर मात्र गणपतीआधीच सांगून ठेवावा, कारण गणपतीत चालक गावी जातो आणि परतला की त्याची नवरात्रातल्या मूर्तींची भाडी सुरू होतात.