स्वयंसेवक आणि संस्थेची भाषा

एखादी सामाजिक संस्था कॉलेजात येते तेव्हा स्वयंसेवकांकडून बहुधा दोनच कामं मागते: खुर्च्या लावा आणि पोस्टर फॉरवर्ड करा. संस्थेबद्दल लिहिणं, बोलणं, लोकांना पटवणं हे मात्र ऑफिसातच राहतं. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करायला हवा, कारण हे काम मुळात भाषेचं आहे.

केरळ शास्त्र साहित्य परिषदेचं उदाहरण घेऊ. मल्याळममध्ये विज्ञानविषयक लेखन करणाऱ्यांनी १९६२ साली कोझिकोडला ही संस्था सुरू केली. १९८० पासून तिने ‘शास्त्र कला जाथा’ काढला. आपल्याकडच्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासारखाच हा प्रकार. कार्यकर्ते गावोगाव फिरून चौकात नाटुकली आणि गाणी सादर करायचे, सोबत संस्थेची पुस्तकं विकायचे. प्रचारही झाला, निधीही जमला, वाचकही मिळाले. पुढे एर्नाकुलम जिल्ह्याच्या साक्षरता मोहिमेत परिषदेचा मोठा वाटा होता. तिथे हजारो स्वयंसेवक शिकवायला उतरले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये जिल्हा संपूर्ण साक्षर जाहीर झाला.

यातून तीन गोष्टी शिकता येतात.

पहिली: स्वयंसेवकाला अख्खं काम द्यावं, त्याचा तुकडा नको. नाटुकलं करणाऱ्याला विषय आधी स्वतः समजून घ्यावा लागतो. पोस्टर फॉरवर्ड करणाऱ्याला तो नाही समजला तरी चालतं, आणि म्हणूनच तो दोन महिन्यांत कंटाळतो.

दुसरी: लोकांची बोली स्वयंसेवकाकडे असते. बेळगावात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू ऐकू येते. ‘लाभार्थ्यांनी आवश्यक कागदपत्रांसह उपस्थित राहावे’ हे वाक्य कागदावर ठीक आहे. पण गल्लीतली मुलगी तेच ‘मावशी, येताना आधार कार्ड तेवढं घेऊन या’ असं सांगते, आणि मावशी येते.

तिसरी: मोकळीक हवी, तशी तपासणीही हवी. चुकीची तारीख किंवा फुगवलेला आकडा बाहेर गेला तर संस्थेवरचा विश्वास जातो, ही ऑफिसची भीती खरी आहे. म्हणून काम काढून घेऊ नये. मजकूर वाचून ‘हो’ म्हणणारी एक व्यक्ती आधीच ठरवावी. फोटोच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं. वही स्वीकारणाऱ्या मुलाचा फोटो आपण टाकतो, लाईक्स मिळतात. उद्या तोच फोटो त्याच्या वर्गातली मुलं पाहतात. मदत घेतली म्हणून त्याने आपला चेहरा आपल्याला देऊन टाकलेला नसतो. आधी त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारावं. नको म्हणाले तर विषय संपला.

सरावासाठी: तुमच्या ओळखीच्या एखाद्या संस्थेचं पत्रक घ्या. ते शेजारच्या आजीला सांगताय असं समजून पाच वाक्यांत लिहा, आणि खरंच तिला वाचून दाखवा. ती जिथे ‘म्हणजे काय रे?’ म्हणेल, तिथून दुरुस्ती सुरू करा.