शिक्का मारण्याआधी

पोरी, सोमवारपासून तू इन्स्पेक्शनला बसणार. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून नाशकातल्या कितीतरी घरांत हे काम आहे. माप घेणं तुला येतंच. मी सांगतोय ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

मशीनवरून उतरलेला जॉब लगेच मोजू नकोस. ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसचं असतं. १०० मिलिमीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब ३५ अंशांवर असला, तर तो साधारण ३५ मायक्रॉन वाढलेला असतो. गरम असताना पास झालेला जॉब निवल्यावर अंडरसाइज निघतो. सुपरवायझर घाई करील, त्याच्या डोक्यावर डिस्पॅच असतो. तरी जॉब मापनकक्षात निवू दे. पातळ जॉब लवकर निवतो, जाड ठोकळा वेळ घेतो. उगाच हातात धरून बसू नकोस, हाताची ऊबही लागते. मायक्रोमीटरचं शून्य आणि कॅलिब्रेशनची तारीख पाहिल्याशिवाय तो जॉबला लावायचा नाही.

चिरा दाखवणाऱ्या पेनिट्रंटच्या अंधाऱ्या खोलीत शिरलीस की निदान एक मिनिट नुसती उभी राहा. डोळे अंधाराला सरावले नाहीत, तर चिरेची ती पिवळसर हिरवी बारीक रेघ दिसतच नाही. उन्हात काळा होणारा चष्मा तिथे चालत नाही.

ही रेघ सुटली की काय होतं, ते १९८९ साली अमेरिकेत सू सिटीला दिसलं. डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क उडताना फुटली. दोष धातू ओतल्यापासून आत होता, त्यातून चीर वाढत गेली. आदल्या तपासणीच्या वेळी ती दिसण्याइतकी मोठी होती, असं चौकशीत निघालं. शंभराहून जास्त माणसं गेली. तपासणारा माणूस आळशी होता असं मला वाटत नाही. एकसारखं काम करून डोळा थकतो आणि 'काही नसणारच' असं मन आधीच ठरवून टाकतं. म्हणून थकलीस तर तसं सांग आणि तो जॉब दुसऱ्याला बघू दे. त्यात कमीपणा नाही.

आकडा आला तोच लिही. १२.०१८ आलं तर १२.०१५ करायचं नाही, ऑपरेटर कितीही ओळखीचा असो. शंका असेल तर लाल टॅग लाव, जॉब बाजूला ठेव, पुढचा निर्णय वरचे घेतील.

आणि तुझ्या नंबरचा शिक्का कुणाला पाच मिनिटांसाठीही देऊ नकोस. जेवायला जातानासुद्धा तो खिशात ठेव.