आकृतींची नेमणूक

चि. बाळ,

तलाठी-प्रशिक्षणार्थींपुढे फेरफाराची कार्यपद्धती मांडण्यासाठी तू पॉवरपॉइंटात सिद्ध केलेला तक्ता पोहोचला. विषय तुला अवगत आहे याविषयी शंका नाही. परंतु हक्कबदलाच्या वर्दीपासून सातबाऱ्यापर्यंतची वाटचाल दाखविताना कोठे ढग, कोठे तारा, कोठे फीत अशी जी जत्रा तू भरविली आहेस, तिच्यामुळे तपशील हाती लागण्याऐवजी दृष्टीच भांबावते. ‘इन्सर्ट’मधील ‘शेप्स’चे दालन उघडताच शंभराहून अधिक आकृती पुढे येतात हे खरे, पण त्या सर्वांची हजेरी घेण्याचा हुकूम तुला कोणी दिलेला नाही.

प्रवाहतक्त्याच्या संकेतात प्रत्येक आकृतीचे काम मुक्रर आहे. वर्दी आत येते, तिला समांतरभुज चौकोन द्यावा. तलाठ्याने गाव नमुना सहामध्ये नोंद करणे व नोटीस काढणे या कृती, त्यांना आयत. आणि ‘१५ दिवसांत हरकत आली काय?’ या ज्या प्रश्नावर साऱ्या प्रकरणाचा मार्ग फुटतो, तो कोनावर उभ्या समभुज चौकोनातच शोभतो; कारण त्याच्या एका कोनातून ‘होय’ म्हणणारी रेषा विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीकडे, म्हणजे गाव नमुना सहा-अ याकडे जाते, तर दुसऱ्यातून ‘नाही’ म्हणणारी मंडळ अधिकाऱ्याकडे प्रमाणनासाठी. तू नेमका हाच प्रश्न ढगात कोंबलास! तो ढग पुसून टाकू नकोस. ‘एडिट शेप’मधील ‘चेंज शेप’ने आकृती बदलते आणि आतला मजकूर शाबूत राहतो.

आयतांचे कोपरे गोलसर करण्याची तुला हौस दिसते. त्यास माझी हरकत नाही, मात्र ही गोलाई आयताच्या आखूड बाजूच्या प्रमाणात ठरत असल्यामुळे लहान-मोठ्या आयतांचे कोपरे परस्परांशी जुळत नाहीत. तेव्हा एक तर सर्वांची उंची सारखी ठेव, नाही तर प्रत्येकाचा पिवळा ठिपका ओढून कोपरे नजरेने जमव. वर्तुळ वा चौरस काढताना शिफ्टची कळ दाबून धरावी, म्हणजे प्रमाण ढळत नाही. रंग, किनार आणि अक्षर एका आकृतीवर मनासारखे साधले, की उजव्या बटणाने ‘सेट अॅज डिफॉल्ट शेप’ निवड. पुढच्या आकृती त्याच पेहरावात अवतरतील. छाया व चकाकी यांचा मोह सोड. प्रशिक्षणार्थींच्या हाती पडणारी प्रत बहुधा काळी-पांढरी असते, आणि तीत छायेचा केवळ डाग उरतो.

बाण सुटे काढलेले दिसतात, म्हणूनच एक आयत सरकताच दोन बाण अधांतरी राहिले आहेत. आकृतीच्या कडेवर उमटणाऱ्या बिंदूवर रेषेचे टोक नेऊन सोडलेस तर ती तेथे चिकटते आणि आकृती हलविली तरी मागोमाग येते.

दुरुस्त तक्ता वर्गापूर्वी पाठव, आणि हरकत निकाली निघाल्यावर ते प्रकरण पुन्हा कोठे वळते, ती रेषाही त्यात असू दे. ती मला सापडली नाही. ताईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा