कमरेच्या कण्यातील अरुंद वाट

उतारवयात पुष्कळ माणसे चालणे हळूहळू कमी करीत जातात. थोडे चालले की मांड्या व पोटऱ्या भरून येतात, पायांना मुंग्या येतात. ओट्यावर क्षणभर टेकले की बरे वाटते. आरतीला किंवा नमाजाला ताठ उभे राहणे जड जाते, परंतु रुकूत वाकताच पाय हलके होतात. सायकलवर मात्र हाच मनुष्य मैलभर सहज जातो. घरची मंडळी म्हणतात, 'वय झाले.' पुष्कळदा हे नुसते वय नसून विकार असतो व त्यावर इलाज असतो.

कमरेत पाच मणके आहेत. त्यांच्या मागील कमानींची मिळून एक पोकळ नळी बनते. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नळीत पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा जुडगा असतो. वयोमानाने मणक्यांमधील गादी चेपून मागे फुगते, सांधे वाढतात, कमानींमधील बंध जाड होतो आणि तंतू आवळले जातात. ताठ उभे राहिल्यास नळी आणखी आक्रसते, वाकल्यास रुंदावते. वरील लक्षणांचे इंगित हेच. हॉलंडचे शल्यविशारद हेंक वेरबीस्ट यांनी १९५४ साली ह्या विकारावर प्रसिद्ध केलेला निबंध महत्त्वाचा मानला जातो.

रक्तवाहिन्या अरुंद झाल्यानेही चालताना पोटऱ्या दुखतात. परंतु ते दुखणे नुसते थांबून उभे राहिल्यानेही शमते. म्हणून डॉक्टर पायाची नाडी पाहतात व गरज वाटल्यास एमआरआय काढवितात.

प्रथम व्यायाम व औषधे. त्यांनी भागले नाही तर शस्त्रक्रियेने कमानीचा भाग व जाड बंध काढून तंतू मोकळे करतात. मणका सरकलेला असल्यास तो अधिक ढिला होईल, ह्या भीतीने स्क्रू व सळ्या बसवून दोन मणके कायमचे जोडतात. मात्र जोडलेला भाग ताठर होतो व शेजारच्या मणक्यांवर भार वाढतो.

म्हणून मधला मार्ग निघाला, तो लवचिक स्थिरीकरणाचा. १९९४ पासून वापरात आलेल्या 'डायनेसिस' ह्या रचनेत मणक्यांत टायटॅनियमचे स्क्रू असतात व त्यांच्यामध्ये प्लास्टिकच्या नळकांड्यातून ओवलेली पॉलिएस्टरची दोरी असते. दोरी पुढे वाकण्याला मर्यादा घालते, नळकांडे मागे झुकण्याला. थोडी हालचाल शिल्लक राहते. कल्पना सुंदर आहे. परंतु स्क्रू कधीकधी ढिले होतात, शेजारचे मणकेही झिजतात, आणि जोडणीपेक्षा ही पद्धत निश्चित सरस आहे असे सिद्ध झालेले नाही.

जोडणीविषयीही स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर परीक्षण झाले. २०१६ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नुसती नळी मोकळी केलेल्यांपेक्षा, सोबत जोडणीही केलेल्यांना दोन वर्षांनी अधिक गुण आला नव्हता. तात्पर्य, मुख्य उपकार नळी रुंद करण्याने होतो. आधार हा खरोखर अस्थिर मणक्यासाठी.

सबब दागिने गहाण ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत: माझा मणका अस्थिर आहे काय? नुसती नळी मोकळी करून भागेल काय? आधार बसविल्याने मला नेमका कोणता लाभ होईल? शंका राहिल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचेही मत घ्यावे.

परंतु लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने जाणे, ह्यांपैकी काहीही झाल्यास प्रश्नोत्तरांत वेळ न घालविता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.