लेझरचं पॅकेज घेण्याआधी

पॅकेजचे पैसे अजून भरले नसशील तर दोन दिवस थांब. भरले असशील तरी वाच, काही बिघडलेलं नाही. फोनवर तू एका दमात दोन गोष्टी विचारल्यास. टेक्स्टाइल पार्कात दिवसभर मशीनवर वाकून तुझी मान आणि उजवा खांदा धरलाय, त्याला लेझर घेऊ का? आणि सासूबाईंचे गुडघे वारीच्या आत लेझरनं नीट होतील का? दोन्हींना एकच उत्तर नाही गं. इथं बारामतीत हाडांच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून राबताना जे बघितलं आणि जे वाचलं, ते सांगते.

आधी मनातली भीती काढ. लेझर म्हटलं की आपल्याला मूळव्याधीचं ऑपरेशन आठवतं, कापणं-जाळणं आठवतं. हा तसला नाही. हा कमी ताकदीचा, लो-लेव्हल. पेनासारखा प्रोब दुखऱ्या जागेवर टेकवतात आणि लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड कातडीतून आत जातो. मुंग्या येतात तो टेन्स नाहीतर आयएफटी, ज्याला आपल्याकडं सगळे ‘करंट’ म्हणतात. जेल लावून फिरवतात ते अल्ट्रासाउंड. कमी ताकदीच्या लेझरमध्ये काहीच जाणवत नाही, म्हाताऱ्या बायका तर विचारतात, “बाई, सुरू केलंय का अजून?” पाचशे मिलीवॅटच्या वरची मोठी यंत्रंही असतात, त्यांची ऊब लागते. ती एका जागी जास्त वेळ धरली तर भाजतंसुद्धा, तेव्हा चटका बसला की गप्प सोसायचं नाही, लगेच सांगायचं.

याचा शोध लागला तो उंदरांच्या केसांवरून. पहिला लेझर १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी बनवला. पुढं १९६७ मध्ये बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर या डॉक्टरांनी लेझरनं कॅन्सर होतो का हे बघायला उंदरांच्या पाठी भादरल्या आणि त्यांवर कमी ताकदीचा लेझर सोडला. कॅन्सर झाला नाही, उलट केसच लवकर उगवले! तिथून जखमा भरण्यासाठी आणि मग दुखण्यासाठी लोक तो वापरायला लागले. पेशीत ऊर्जा तयार होते तिथं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते हा उजेड शोषून घेतं, त्यानं पेशीचं काम सुधारतं आणि सूज उतरायला मदत होते, असं त्यामागचं शास्त्र सांगतात. म्हणजे हे थोतांड नाही, आणि जादूही नाही.

आता तुझी मान. तुझ्या बाबतीत लेझरची बाजू बरी आहे. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मानदुखीवरच्या १६ चाचण्या एकत्र करून बघितल्या होत्या, ८२० रुग्णांच्या. काहींना खरा लेझर, काहींना नुसता दाखवायचा. जुनाट मानदुखीत १०० च्या पट्टीवर खऱ्या लेझरनं खोट्यापेक्षा साधारण २० नी जास्त दुखणं उतरलं, आणि हा फरक कोर्सनंतर २२ आठवड्यांपर्यंत दिसला. हे वीस म्हणजे काय ते नीट समजून घे. सत्तरचं दुखणं पन्नासवर आलं. झोप लागेल, गाडीवर बसून मागं वळून बघता येईल, दुखण्यानं जीव रडकुंडीला येणार नाही. पण दुखणं गेलेलं नसतं, उतरलेलं असतं. ते उतरलेलं असतानाच तुला मानेचं काम करून घ्यायचंय. हनुवटी आत ओढून मान सरळ धरायची, दोन्ही खांद्यांची पाती मागं एकमेकींकडं आणायची, दहापर्यंत मोजायचं. शिलाई करताना नजर खाली जाते ती मान मोडून जाऊ नये म्हणून स्टूल आणि टेबलाची उंची जमवून घ्यायची. सुपरवायझरला म्हणायला लाजू नकोस, मान त्याची दुखत नाहीये. हे केलं नाहीस तर कोर्स संपला की काही महिन्यांत पुन्हा तिथंच येशील, आणि पुन्हा पॅकेज.

एक मात्र आधी तपास. दुखणं मानेपुरतंच आहे, की हातात उतरून बोटं बधिर होतायत, कात्री हातातून निसटतेय? बधिरता किंवा कमजोरी असेल तर नस दबलेली असू शकते. मग लेझरचा नंतर विचार कर, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव. बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेज झालंय २०१९ पासून, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं. तिथं हाडांची ओपीडी आहे. केसपेपर काढायला कशाला लाजायचं?

पैसे भरण्याआधी फिजिओथेरपिस्टला दोनच गोष्टी विचार. यंत्र किती नॅनोमीटरचं आहे, आणि एका जागी किती ज्यूल देणार? हसू नकोस, हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. ज्यूल म्हणजे ताकद गुणिले वेळ, एवढंच. शंभर मिलीवॅटचा प्रोब एका जागी ४० सेकंद धरला की ४ ज्यूल होतात. जो माणूस हे सांगू शकत नाही, “आमची मशीन भारी आहे, इंपोर्टेड आहे” एवढंच म्हणतो, त्याच्याकडं बचत गटाचं कर्ज काढून जाऊ नकोस. आणि जास्त डोस म्हणजे जास्त गुण असंही नाही बरं का. पाणी जास्त झालं की डाळिंब तडकतं, तसं इथंही अति झालं की गुण कमी होतो.

यावरूनच ते घड्याळ आलं बघ, पाहुण्यांनी, म्हणजे तुझ्या मिस्टरांनी, मोबाइलवर बघितलंय ते. मनगटावर बांधा, लाल उजेड पडेल, शुगर, बीपी, गुडघे सगळं एकदम बरं. हिशेब कर. समज त्याचा एक लेझर ५ मिलीवॅटचा आहे, तर ४ ज्यूल द्यायला त्याला ८०० सेकंद लागतील, म्हणजे एका जागेला तेरा मिनिटांवर. आणि मनगटावर उजेड पाडून गुडघ्यात काय पोचणार? पैसे गेले तर गेले. मला काळजी वेगळीच आहे. घड्याळ बांधलं म्हणून पाहुणे शुगरची गोळी सोडतील. तेवढं होऊ देऊ नकोस.

सासूबाईंचं प्रकरण जरा नाजूक आहे. गुडघ्याच्या झिजेवर जाणकारांचंच एकमत नाही. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेनं २०२२ मध्ये सांगितलं की झिजलेल्या सांध्यांना लेझर देऊ नका, पुरेसा पुरावा नाही. त्याआधी २०१९ मध्ये गुडघ्यांवरच्या २२ चाचण्या आणि हजारावर रुग्ण एकत्र तपासून दुसऱ्यांनी म्हटलं होतं की योग्य डोस दिला तर उपयोग होतो: ७८५ ते ८६० नॅनोमीटरच्या यंत्रानं एका जागी ४ ते ८ ज्यूल, ९०४ च्या यंत्रानं १ ते ३ ज्यूल. डोस त्याहून कमी असेल तर फरक नाही. माझं मत विचारशील तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. बऱ्याच ठिकाणी कसाबसा दिलेला लेझर कामाचा नाहीच.

त्याच २०१९ च्या अभ्यासात एक गोष्ट आहे, ती सासूबाईंच्या फार उपयोगाची. योग्य डोसचा फरक सगळ्यात जास्त दिसला तो कोर्स संपल्यावर दोन ते चार आठवड्यांनी. तुमच्या सणसरला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते, दुसऱ्या दिवशी बेलवाडीचं रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. सासूबाई दारातूनच निघणार. म्हणून पालखी काटेवाडीत मेंढ्यांच्या रिंगणाला आली की धावपळ करून लेझर घेण्यात अर्थ नाही. द्यायचाच असेल तर ज्येष्ठात कोर्स संपवा. आणि खरं काम त्याच्याही आधी, चैत्रापासून. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मांडी घट्ट करायची, दहा मोजायचे. हात न टेकवता खुर्चीवरून उठायचं, बसायचं. मांडीचा स्नायू भरला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो, आणि झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम करायला सगळेच सांगतात, त्याबद्दल भांडण नाही. खुरपायला उकिडवं बसणं बंद, छोटा पाट घ्या. त्यांना म्हणावं, विठोबा काही गवत काढून येत नाही म्हणून रागावणार नाही.

आणि गुडघा गरम आहे का, सुजलाय का, सकाळी बोटंही आखडतात का, हे बघ. तसं असेल तर तो झिजेचा नाही, आमवाताचा असू शकतो, त्याला रक्त तपासून औषध लागतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, पडल्यावर सुरू झालेली कंबरदुखी, पाय लुळा पडणं, लघवीवर ताबा न राहणं, यातलं काहीही असेल तर लेझर, करंट, हाडवैद्य, सगळं बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. आपल्याकडं मणक्याचा टीबीही असतो आणि कंबर धरली म्हणून महिनोन्‌महिने शेकत बसतात लोक.

कंबरेबद्दल विचारलं नाहीस, पण कारखान्यावरून आल्यावर पाहुण्यांची धरते म्हणून सांगून टाकते. जुनाट कंबरदुखीसाठी अमेरिकन डॉक्टरांच्या २०१७ च्या सल्ल्यात लेझरचं नाव आहे, पण पुरावा कमजोर आहे असं त्यांनीच लिहिलंय. चालणं आणि व्यायाम फुकट आहेत, आधी ते होऊ देत.

लेझर चालू असताना चष्मा घाल, आणि देणाऱ्यानंही घातला पाहिजे. इन्फ्रारेड दिसत नाही, म्हणून डोळा आपोआप मिटत नाही. दिसतो तो लाल ठिपका बऱ्याचदा फक्त निशाणासाठी असतो. दिवस गेले असतील तर पोटावर, कंबरेवर घ्यायचा नाही. कॅन्सरच्या गाठीवर तर नाहीच.

कॅन्सरवरून तुझ्या बावड्याच्या चुलत सासूबाईंचं आलं. मिश्रीनं त्यांच्या तोंडाचं व्हायचं ते झालं. आता शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू होणार म्हणालीस. बाई, लेझरचा सगळ्यात पक्का उपयोग कुठं असेल तर इथं आहे, आणि गावात गुडघ्यांच्या पॅकेजच्या जाहिराती असतात, पण हे कुणी सांगत नाही. तोंडाला आणि गळ्याला शेक दिला की आतून सोलवटतं, पाण्याचा घोट नको वाटतो, तोंडातून अन्न जाईना म्हणून काहींना नळी घालावी लागते. कॅन्सरच्या आधार-उपचारांवर काम करणारी मॅस्क ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिनं २०२० च्या मार्गदर्शनात अशा रुग्णांची तोंडं येऊ नयेत म्हणून लेझर सुचवलाय. आपल्या शेजारच्या कर्नाटकात मणिपालला २२१ रुग्णांवर चाचणी झाली, ती २०१२ मध्ये छापून आली. लेझर घेतलेल्यांच्या तोंडाचे फोड आणि वेदना कमी राहिल्या, वेदनेची जालीम औषधं कमी लागली. गाठीवर नको म्हटलं ना मघाशी? म्हणूनच हे कुठल्याही क्लिनिकमध्ये करायचं नाही. शेक देणारे डॉक्टरच ठरवतात कुठं द्यायचा, कुठं नाही. आणि तो शेकाच्या पहिल्या दिवसापासून द्यायचा असतो, तोंड आल्यावर नाही.

म्हणून त्यांच्या मुलाला आजच फोन कर. त्यानं डॉक्टरांना विचारावं, “तोंड येऊ नये म्हणून लेझर देता का? नसेल तर पुण्या-मुंबईत कुठं देतात?” शेकासाठी तोंडाच्या मास्कचं माप गुरुवारी घेणार आहेत म्हणालीस, तर बुधवारच्या आत विचारून घ्यायला सांग.